धागे ओढणारी

४ नोव्हेंबर, अमरावती

पोहोचले एकदाची! मूर्तिजापूरहून सकाळच्या पॅसेंजरने बडनेरा आणि तिथून ऑटो. आईने पिशवीत पोळ्या, मिरचीचा ठेचा आणि लोणच्याची बरणी कोंबली होती, ती वाटेत सांडली आणि माझी नवी ओढणी तेलकट झाली. ऑटोवाल्याला जुन्या जिनिंगचा पत्ता सांगितला तर त्याने विचारलं, ते भुताचे कपडे शिवतात तिथं काय. मला हसू आवरेना.

खरंच बंद पडलेली कापसाची जिनिंग आहे. गोदामाचं छत उंच, पत्र्याचं. कोपऱ्यात अजून रुईचे पुंजके चिकटलेले आहेत. मधोमध दोरीवर कपडे टांगलेले होते, ते पाहून बॅग खाली ठेवायचंच विसरले. किमोनो, पण कापसाच्या गाठी बांधायच्या गोणपाटाचा. दुसऱ्याच्या बाह्या जमिनीवर लोळणाऱ्या. तिसऱ्याच्या पाठीवर अख्ख्या लुगड्याची गाठ, पोत्याएवढी मोठी. पुण्यातल्या कारखान्यात मी इतकी वर्षं शाळांचे गणवेश कापले. कपडा असा अंगावर धावून येऊ शकतो हे मला माहीतच नव्हतं.

ज्यांच्याकडे मी कामाला आले त्या करिश्मा मॅडम मूळच्या अकोल्याच्या. चाळिशीच्या पुढच्या, केस मुलासारखे बारीक कापलेले. निळीत रंगवलेला कोट, त्यावर पांढऱ्या धावदोऱ्याची नक्षी, आणि पायात रबरी चप्पल. जपानात राहून तिकडच्या नाटकांचे पोशाख शिकून आल्यात. बस म्हणायच्या आधीच त्यांनी एक बाही हातात दिली आणि उसवून परत जोडायला लावली. मग शिवण अंगठ्याने दाबून पाहिली आणि म्हणाल्या, "हात साजरा हाय तुहा. राय इथंच."

वरच्या खोलीत माझ्यासोबत माया राहते. नांदगाव खंडेश्वरची आहे, इथं भरतकाम करते. फार बोलते. माझं लोणचं तिने आजच अर्धं संपवलं.

९ नोव्हेंबर

किमोनोचं गणितच वेगळं. गोलाई नाही, टक्स नाहीत. सरळ पट्ट्या कापायच्या, एक चिंधी वाया जात नाही. आणि इतक्या सरळ कापडातून मॅडम काय वाकडं काढतात! गळा मागे ओढून मान उघडी टाकतात. कपड्याच्या काठात रुईची वळकटी भरतात, म्हणजे चालताना तो मागून सरपटत येतो.

जपानात जिवंत माणूस किमोनोची डावी बाजू वर घेतो आणि प्रेताला उजवी वर घालतात. मॅडम सगळ्यांनाच उजवी वर घालतात. मी कारण विचारलं. त्या म्हणाल्या, जितेपणी तरी बाईले कोण जितं धरते.

सगळी धावपळ 'कात' नावाच्या शोसाठी चालली आहे. आधी अकोल्यात छोटा प्रयोग, मग डिसेंबरात अमरावतीला मोठा. त्यात नवरीचं काम अनुप करतो. वरूडचा आहे, घरची संत्र्याची बाग. त्याचे आजोबा दंडारीत, गावच्या लोकनाट्यात, बाईचं सोंग घ्यायचे, बापाला त्याची लाज वाटायची, आणि याला मात्र तेच करायचं होतं. खूप मऊ स्वभावाचा मुलगा. आज सगळ्यांसाठी क्रेट भरून संत्री घेऊन आला. मला 'ताई' म्हणतो.

त्याचा पोशाख पाहिला आणि मी ओरडलेच. आधी तो नखशिखान्त पांढऱ्यात येतो, तिकडच्या नवरीसारखा. डोक्यावर पांढरं कापड. नवरीच्या रागाची शिंगं झाकायला ते असतं म्हणे. मग पाठीवरचे जाड धागे मागून कोणीतरी ओढतं आणि अख्खा पांढरा पोशाख एका झटक्यात गळून पडतो. आत नागिणीचे खवले, रुपेरी त्रिकोणांचे. तोंडावर मुखवटा, डोक्यावर बैलाची शिंगं, त्यांना पोळ्याला चढवतात तशा पितळी शेंब्या. हातात जवारी कापायचा विळा. धार नसलेला, शोपुरता.

हे धागे कसे घालायचे ते मॅडमनी मला शिकवलं. टाके सैल, गाठी बोटात पकडता येतील एवढ्या. चार दिवसांत मला जमलं.

१४ नोव्हेंबर

धागे ओढायचं काम माझ्याकडे आलं! मी स्टेजवर जाणार! आईला फोन केला तर तिचा पहिला प्रश्न, तोंड दिसते काय तुहं. म्हटलं, नाही, तोंडावर काळी जाळी असते. ती हिरमुसली.

जपानच्या नाटकात असा काळ्या कपड्यातला माणूस असतो. तो सगळ्यांसमोर वावरतो, सामान देतो, पोशाख बदलतो, आणि प्रेक्षकांनी तो नाहीच असं धरायचं असतं. माझा काळा पोशाख मॅडमनी स्वतः शिवला, कोणाला हात लावू दिला नाही. घालून दिला तोही स्वतः, उजवी बाजू वर.

नियम कडक आहे. काळं घातलं की माझ्याकडे कोणी पाहायचं नाही, बोलायचं नाही, हसायचं नाही. आज तालमीत अनुपने सवयीने माझ्यापुढे हात जोडले. मॅडमनी बांबूचा गज त्याच्या पोटऱ्यांवर असा हाणला की कातडी फुटली. "कोणाले हात जोडून रायला? तिथं कोणीच नाही."

अनुप रडला नाही. पण नंतर त्याने माझ्याकडे पाहिलंही नाही.

१९ नोव्हेंबर

आज एक गाठ अडकली. पांढरा पोशाख अर्धाच गळला, म्हणून मी पुढे होऊन ओढला. खवले उघडे पडले तसा अनुप गर्रकन वळला आणि विळ्याचा दांडा माझ्या गळ्याच्या हाडावर बसला. मी खाली पडले. चुकून लागलं असेल म्हणून उठले. त्याने दुसरा मारला, बरगडीत. मग लाथ.

मी ओरडले. तीन फुटांवर माया बसली होती, सुई ओवत. तिने मान वर केली नाही. नियम आहे, मला कळतं. पण माणूस दचकतं तरी!

मुखवटा काढल्यावर अनुप माझ्याजवळ आला, घामाघूम, नेहमीसारखा ओशाळा. माझ्या गळ्यावरचं निळं पाहून घाबरला. "ताई, कुठं पडली तू? चाल, दवाखान्यात नेतो." थट्टा करत असेल असं वाटलं. थट्टा नव्हती. त्याला काहीच आठवत नव्हतं.

२४ नोव्हेंबर, अकोला

प्रयोग झाला. एका लॉनवर, मंडप घालून. गर्दी खच्चून. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, पेपरवाले आले, मॅडमभोवती पोरींची झुंबड.

आणि माझा एक दात पडला.

धागे ओढल्यावर अनुपने माझं डोकं धरून नवरीसाठी मांडलेल्या पाटावर आपटलं. केस धरून स्टेजच्या कडेपर्यंत फरफटत नेलं. पोटावर उभा राहिला. पुढच्या खुर्चीतली बाई कडेवरच्या लेकराला दाखवत होती, पाह्य शिंगं, कशी चमकतात पाह्य. माझ्या तोंडातलं रक्त तिच्या चपलेवर उडालं. तिने ते कागदाने पुसलं, स्टेजवरून नजर न काढता.

मायाने मोबाईलवर सगळं घेतलं होतं. तिच्याच फोनवर मी तिला दाखवलं. हे बघ, ही मी. हा माझा हात. तो लाथ घालतोय, दिसते का? तिने नीट निरखून पाहिलं. म्हणाली, खवल्यांवर उजेड मस्त पडला.

त्यात सगळं स्पष्ट दिसतं. कोणीही पाहील तर दिसेल.

२६ नोव्हेंबर

मॅडमना सांगितलं, मी हे काम सोडते. त्या चिडल्या नाहीत. चहा केला, माझ्या सुजलेल्या ओठाला हळद लावली. मग त्यांनी मला त्यांची गोष्ट सांगितली.

लग्न होऊन वर्ष झालं होतं. अकोल्यात सासरी दिराच्या साखरपुड्याची पंगत बसली होती. वरणात मीठ कमी पडलं. नवऱ्याने त्यांना पंगतीच्या मधोमध पळीने मारायला सुरुवात केली, मग पाटाने. डावा कान फुटला. पंगत जेवत राहिली. वाढपी त्यांना ओलांडून भात वाढत गेला. कोणीतरी आणखी तूप मागितलं.

मग त्या घर सोडून शिकल्या, जपानात गेल्या. तिथं पहिल्यांदा नाटक पाहिलं आणि काळ्या कपड्यातला माणूस दिसला, ज्याला अख्खं सभागृह न पाहायचं ठरवून बसतं. तिकडे त्या माणसाला मान असतो, त्या म्हणाल्या, त्याची कला वर्षानुवर्षं शिकतात. त्याला कोणी बोटही लावत नाही. पण त्यांना त्या खुर्चीत बसून पंगत आठवली. त्याला मार पडतो हे पुढचं सगळं त्यांचं आहे, त्यांनी शिवलेलं.

मी विचारलं, मग पंगतीतल्या माणसांना मारा ना. मला काहून?

त्यांनी माझ्या ओठावर आणखी हळद लावली. "राग हवेत जात नाही पोरी. त्याले पडाले अंग लागते. आन् ज्याले कोणी पायत नाही, त्याच्याच अंगावर थो पडते."

मी बॅग भरली आहे. उद्या सकाळी जाते.

२७ नोव्हेंबर

ऑटो थांबत नाहीत. हात दाखवला, रस्त्याच्या मध्ये उभी राहिले, एकाने चाक पायावरून नेलं. चालत बडनेऱ्याला आले. तिकीट खिडकीवर मी बोलत होते आणि माझ्या मागचा माणूस माझ्या खांद्यावरून हात घालून पैसे देत होता. बिनतिकिटाची गाडीत बसले. एक म्हातारी माझ्या मांडीवर गाठोडं ठेवून बसली.

अंगात साधा पंजाबी ड्रेस आहे. काळं गोदामातच सोडून आले. तरीही.

मूर्तिजापूर. घरी. आई अंगणात तूर पाखडत होती. मी हाक मारली, तिच्यासमोर बसले. तिचा हात धरून माझ्या गालावर ठेवला. तिने माशी बसल्यासारखा हात झटकला आणि सूप हलवत राहिली. शेजारच्या चंदाकाकूने विचारलं, आचलचं काय चाललं वो. आई म्हणाली, पोरगी सुखात आहे, फोन येते रोज. पण दोन दिवस झाले, फोन वाजते अन् बोलत कोणी नाही.

रोज रात्री मीच बोलत होते. मीच.

३० नोव्हेंबर

तीन दिवस घरात राहिले. आई जेवायची, मी तिच्या ताटातला घास घ्यायचे, तिला कळत नव्हतं. मी तिच्यासमोर किंचाळले. भिंतीवर डोकं आपटलं. आईने फक्त दूध उतू जातंय का ते पाहिलं.

मग फोन वाजला. मॅडम. "आचल, जेवली काय?"

मी ढसाढसा रडले. तीन दिवसांत मला कोणी नावाने हाक मारली नव्हती.

परत निघाले आहे. मला माहीत आहे कुठे निघाले आहे. पण जगात माझ्याशी बोलणाऱ्या त्या एकट्याच उरल्या आहेत.

३ डिसेंबर

मॅडम भरवतात. डोक्याला तेल लावतात. मग काळं घालतात.

तालीम रोज दुपारी. आज विळ्याचा दांडा डाव्या दंडावर. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. माया गाणं गुणगुणत टिकल्या लावत होती. माझ्या अंगावरून गेली, कात्री घ्यायला. तिचा पाय माझ्या केसांवर पडला.

दवाखान्यात गेले होते. माझ्या मागून आलेले सगळे आत जाऊन आले. मी बाकावरच.

६ डिसेंबर

अनुप आज जेवताना रडत होता. मायाला सांगत होता, मुखवटा काढल्यावरही हाताला काहीतरी हवंसं वाटतं. घरी त्याने कुत्र्याला मारलं. का मारलं ते कळत नाही. थांबावंसं वाटतं, पण हात थांबत नाही. मी त्याच्या शेजारीच बसले होते. म्हटलं, अनुप, थांब रे बाबा. तू चांगला आहेस.

त्याने माझ्या दिशेला पाहिलं. क्षणभरच. मग संत्रं सोलायला लागला.

८ डिसेंबर

विळ्याला धार लावली आहे. मॅडमनी. मी पाहिलं.

तालमीत दोन बोटं गेली. डाव्या हाताची. मी धागे ओढून हात मागे घेत होते आणि — मॅडमनी फडकं बांधलं, पाटावरची बोटं उचलली, चिंधीत गुंडाळून कोटाच्या खिशात टाकली. सुईदोरा ठेवावा तशी.

म्हणाल्या, गुरुवारी मोठ्या शोला पुरा पडू दे रागाले तुह्यावर. एकदा पुरा पडला की निवते. मंग सगळं शांत.

मी उजव्या हाताने फडकं आणखी आवळलं.

१० डिसेंबर

पळून कुठे जाऊ. कोणाच्या दारात मरू. मेले तरी वास येईपर्यंत कोणाला —

आणि वासही आला नाही तर?

११ डिसेंबर, अमरावती. सभागृहाच्या मागची खोली

हॉल भरला. खुर्च्या कमी पडल्या. बाहेर अजून लोक आहेत.

अनुप पांढऱ्यात तयार. माझ्या हाताने घातलेले टाके त्याच्या पाठीवर. मॅडम माझ्या चेहऱ्यावर जाळी बांधायला वाकल्या. हात किती हळू. म्हणाल्या, भिऊ नको बाई. मी पायतो ना तुह्याकडे. मी एकटी पायतो.

तेच. तेवढंच मला सहन झालं नाही. पाहतात आणि तरी धाडतात.

कापडाची मोठी कात्री टेबलावर होती. मी ती त्यांच्या मानेत घातली. बाहेर ओढली. परत घातली. त्या माझा खांदा धरून खाली बसल्या. ओरडल्या नाहीत. डोळे माझ्यावरच. मी जाळी काढून फेकली. म्हटलं, पाहा. पाहा मला. पाहत होत्या. मग नाही.

माया आत आली. फरशीकडे पाहून म्हणाली, कोणं रंग सांडवला वो. पोछा आणला. मॅडमच्या भोवतीने पुसून घेतलं.

मी जे करते तेही दिसत नाही.

*

पडदा वर गेला. वाद्यं वाजत आहेत. मी गेले नाही. मी इथेच बसले आहे. आज धागे ओढायला कोणी नाही. आज अनुप कोणालाच मारणार नाही.

वाद्यं थांबली.

शांत आहे सगळं.

लोक हसतात. शिट्टी वाजली. कोणीतरी म्हणतंय, अडकलं, अडकलं.

*

किंकाळी. पहिल्या रांगेतून. आणखी एक. खुर्च्या पडत आहेत. एक पोर ओरडतं आहे, मग बंद.

राग हवेत जात नाही. अंग लागतं. मी गेले नाही म्हणून — देवा, मी गेले नाही म्हणून —

सभागृहाची दारं बाहेरून दाबली गेली आहेत. गर्दी. कोणालाच उघडता येत नाही.

*

माया दारातून आत पडली. पोटापासून उघडी. दोन्ही हातांनी धरून आहे. मी तिचं डोकं मांडीवर घेतलं. आज राग तिच्याही अंगावर पडला होता. तिने माझ्याकडे पाहिलं. माझ्याकडे. मला.

"आचल? तू कवा आली वो?" मग माझा हात पाहिला. "हाताले काय झालं तुह्या?"

मी सांगणार होते. तिने ऐकलं नाही. डोळे उघडेच.

*

पावलं. काठात भरलेली रुई ओली झाली आहे, तिचा सरपटण्याचा आवाज.

अनुप दारात. अजून पांढऱ्यात, पण पांढरं कुठेच नाही. मुखवटा गळ्यात लोंबतोय. त्याचाच चेहरा. रडतोय. विळा एका हातात, तो हात दुसऱ्या हाताने दाबून धरतो आहे.

मी त्याला दिसते.

"ताई. धागे ओढ. लवकर ओढ. मले नाही थांबवता येत. आत पोट्टे हायेत अजून —"

ओढले तर राग माझ्यावर पडेल. पुरा.

त्याने पाठ केली. माझ्याकडे पाठ करून उभा आहे, गुडघ्यात वाकून, दात आवळून. वाट पाहतो आहे.

उठते. मायाचं डोकं खाली ठेवते.

गाठ रक्ताने फुगली आहे. डाव्या हाताच्या तीन बोटांत नीट येत नाही. दाताने —

सुटली. पांढरं गळतंय. तो वळ